टाइल्सचं काम मिस्त्रीला देताना: मोजमाप, दर, कागद आणि हप्ते

टाइल्सच्या कामात जे बिघडतं ते बहुतेक वेळा टाइलच्या खाली असतं. दाब न तपासलेला पाइप, घाईत मारलेलं वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यात न पोचलेला माल (टाइल धरणारं सिमेंट किंवा ॲडहेसिव्ह), उलटा पडलेला ढाळ. टाइल बसली की हे सगळं झाकलं जातं आणि पहिले काही महिने चांगलं काम आणि कच्चं काम अगदी सारखं दिसतं. तरीही काम देताना बहुतेक घरांत बोलणं होतं ते ‘फुटाला काय घेणार?’ एवढंच. दर महत्त्वाचा आहेच, पण झाकलं जाणारं काम कधी, कसं तपासायचं आणि कोणता हप्ता कशाला बांधायचा, हे आधी ठरलं नाही तर स्वस्त दर महागात पडतो.

इथे नमुना म्हणून जुन्या इमारतीतला फ्लॅट धरला आहे: बाथरूम तोडून नव्याने करायचं, किचनचा डॅडो (ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स) बदलायचा, हॉलमध्ये नवी फरशी घालायची. स्वतंत्र घर असेल तर सोसायटीचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी स्वतः मोजा

ठेकेदाराला बोलावण्याआधी तुमच्याकडे तुमचं माप हवं. पाच बाय सात फुटांचं बाथरूम घ्या. जमीन ३५ चौरस फूट. भिंतींचा घेर २४ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल्स लावायच्या तर १६८ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा (१७.५) आणि दोन बाय दीडची खिडकी (३) वजा करा. उरले साधारण १४८. खिडकीच्या आतल्या कडांना टाइल लागणार असेल तर ती वेगळी मोजा.

आता खरेदी. ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या भिंतीच्या टाइल्सच्या बॉक्समध्ये बहुधा ५ नग येतात, म्हणजे सुमारे ९.७ चौरस फूट. लहान खोलीत कापाकापी जास्त, म्हणून १० टक्के वाढवा: १६३ फूट, म्हणजे १७ बॉक्स. हॉलसारख्या मोठ्या, सरळ खोलीत ५ ते ७ टक्के पुरतात. तिरकी किंवा नक्षीची मांडणी असेल तर १२ ते १५ धरा. नगांची संख्या कंपनीप्रमाणे बदलते, तेव्हा बॉक्सवर छापलेलं क्षेत्रफळ वाचूनच हिशेब करा. या सगळ्यावर प्रत्येक प्रकाराचा एक बॉक्स जास्तीचा घ्या. पाच वर्षांनी एक टाइल फुटली तर तीच छटा बाजारात मिळेल याची खात्री नसते.

टाइल्स शक्यतो स्वतः विकत घ्या आणि पक्कं बिल घ्या. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातच्या मोरबीत बनतात आणि एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये छटेचा फरक पडू शकतो. बॉक्सवर बॅच, छटा आणि साइज यांचे नंबर असतात. ते सगळ्या बॉक्सवर एकच आहेत का, हे माल उतरवून घेतानाच बघा. टाइल एकदा बसवली की रंगाची किंवा वाकाची तक्रार कंपनी ऐकत नाही, तसं बॉक्सवरच छापलेलं असतं. वाक बघायचा तर दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधोमध फट दिसली किंवा टाइल डुगडुगली की वाक किती आहे ते लगेच कळतं.

माणूस शोधताना

टाइल्सच्या दुकानदाराने सुचवलेला मिस्त्री वाईट असतोच असं नाही, पण त्याला दुकानाकडून कमिशन असू शकतं आणि त्याचा बोलण्यावर परिणाम होतो. तुमच्याच सोसायटीत गेल्या एक-दोन वर्षांत ज्यांनी बाथरूम केलं त्यांना विचारणं जास्त कामाचं. त्यांच्या घरी न जाता खालच्या मजल्यावरच्या घरी जा आणि छत बघा.

नुकतंच झालेलं काम बघून फारसं कळत नाही. किमान एक पावसाळा काढलेलं काम दाखवायला सांगा. तिथे तीन गोष्टी बघा. नाण्याने टाइलचे कोपरे वाजवा, पोकळ आवाज येतो का ऐका. तांब्याभर पाणी जमिनीवर सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ओता आणि ते जाळीकडे जातं का बघा. बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर दोन टाइल्स ४५ अंशात कापून कशा जुळवल्या आहेत ते हाताने चाचपा; कड चिरलेली किंवा धारदार लागली तर कटरवर हात बसलेला नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: बसवणार कोण? बोलायला येतो तो ठेकेदार आणि कामाला येतो तो मिस्त्री ही बहुधा वेगळी माणसं असतात. तुम्ही काम बघितलं ते ज्या हाताचं, तोच हात तुमच्याकडे येणार का, हे स्पष्ट विचारा आणि त्याचं नाव कागदावर घ्या. एकाच वेळी तीन ठिकाणी कामं धरायची आणि जिथे मालक ओरडतो तिथे माणसं पळवायची, ही छोट्या ठेकेदारांची नेहमीची पद्धत आहे. लादीकाम करणारे बरेच कारागीर राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचे असतात. होळीला आणि दिवाळी-छठच्या सुमारास ते गावी जातात. काम त्या तारखांना अडकणार नाही असं बघा.

टाइल ६०० बाय १२०० किंवा त्याहून मोठी असेल तर अवजारं विचारा. लांब स्लाइड कटर, टाइल उचलायचे सक्शन कप, लेव्हलिंग क्लिप आणि खाचांची थापी ज्याच्याकडे नाही त्याने मोठ्या टाइलला हात लावू नये. साध्या करणी-थापीवर दोन बाय दोन फुटांची टाइल नीट बसते, दोन बाय चारची नाही.

हजेरी, उक्तं की फुटावर

काम देण्याच्या तीन रीती आहेत. हजेरीवर दिलं तर रोजचे पैसे आणि काम लांबण्याचा धोका तुमचा. दुरुस्ती, दोन-चार टाइल्स बदलणं, आत काय निघेल सांगता येत नाही अशी तोडफोड, यांना हजेरी ठीक. उक्तं, म्हणजे ‘सगळं मिळून एवढे’, हे ऐकायला सोपं. पण ‘सगळं’ म्हणजे काय ते लिहिलेलं नसेल तर अर्ध्यावर वाद ठरलेला. टाइल बसवायला चौरस फुटाचा दर आणि तोडफोड, राडारोडा, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग यांना प्रत्येकी वेगळी उक्ती रक्कम, हे मिश्रण घरगुती कामाला सर्वांत बरं. अनेक गावांत दर ब्रासवर सांगतात; लादीकामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.

मजुरीचं माप बसवलेल्या क्षेत्राचं धरायचं, विकत घेतलेल्या टाइल्सचं नाही. दरवाजा-खिडकीची वजावट होणार का, हे आधी बोला. बाजारात ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे सुमारे ३.८७ चौरस फूट असते. नग मोजून प्रत्येकी चार फूट धरले तर बिल तीन टक्क्यांच्या वर फुगतं. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), खिडकीची पट्टी, उंबरठा, ४५ अंशातला कोपरा आणि ग्रॅनाइटची कड यांचा दर रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर, असतो, आणि बिल वाढतं ते बहुधा इथेच. या प्रत्येकाचा दर आधी लिहून घ्या.

सांगितलेला दर रास्त आहे का, हे पडताळायची एक सोपी रीत आहे. एक मिस्त्री आणि एक बिगारी मिळून मोकळ्या हॉलमध्ये दिवसाला साधारण ८० ते १०० फूट दोन बाय दोनची फरशी घालतात. बाथरूमच्या भिंतीवर तीच जोडी ४० ते ५० फुटांच्या पुढे जात नाही, कारण कटाई, नळांची भोकं आणि कोपरे. तुमच्या गावची हजेरी विचारा. उदाहरणादाखल मिस्त्रीचे १,००० आणि बिगाऱ्याचे ७०० धरले, तर हॉलची नुसती मजुरी फुटाला १९ रुपयांच्या आसपास आणि बाथरूमची ३८ च्या आसपास येते. त्यावर अवजारं, येणंजाणं, वाया जाणारे दिवस आणि ठेकेदाराचा नफा म्हणून ४० टक्के वाढवा: हॉल २७, बाथरूम ५३. कोणी याच्या बराच खाली दर सांगत असेल तर तो पैसे कुठून काढणार? माल पातळ करून, वॉटरप्रूफिंगचा एक हात वाचवून किंवा अर्ध्यावर ‘हे बोलण्यात नव्हतं’ म्हणून. तीन जणांकडून भाव घ्या, पण तिघांना एकच यादी द्या; नाहीतर तुलना होणारच नाही.

ठेकेदार बिलावर १८ टक्के जीएसटी लावतो म्हणाला तर नोंदणी क्रमांक मागा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी घेण्याचा अधिकार नाही.

कामाचा कागद

लांबलचक करारनामा नको. दोन पानं, दोघांच्या सह्या, तारीख, आणि त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलवर. नमुना असा:

‘बाथरूम, ५ बाय ७ फूट. जुनी टाइल व प्लास्टर काढणे, जमीन स्लॅबपर्यंत खोदणे: उक्ते रु. ____. राडारोडा गोण्यांत भरून खाली उतरवणे व गाडीने नेणे यासह. कन्सील्ड (भिंतीत झाकलेले) पाइप सीपीव्हीसी प्लास्टिकचे, पॉइंट ____ नग, दर पॉइंट रु. ____, दाबाची चाचणी मालकासमोर. वॉटरप्रूफिंग दोन हात, केमिकल ____ कंपनीचे, ४८ तास पाणी भरून चाचणी. भिंत टाइल रु. ____ फूट, जमीन टाइल रु. ____ फूट, वजावट धरून. टाइलमधील सांधा २ मिमी, स्पेसर लावून. टाइल चिकटवणे ॲडहेसिव्हने, टाइप ____. जमिनीचा ढाळ जाळीकडे. ग्राउट (सांधे भरायचा माल) इपॉक्सी, रंग ____. बसवणारा मिस्त्री ____. सुरुवात ____, शेवट ____. पोकळ, वाकडी किंवा फुटलेली टाइल ठेकेदार स्वखर्चाने बदलेल. कापताना १० टक्क्यांहून जास्त टाइल्स वाया गेल्यास किंमत ठेकेदाराची. जादा काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू करायचे नाही.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त भांडणं वाचवतं. व्हॉट्सॲपवर ‘हो, अमुक रुपये’ एवढं लिहिलं तरी चालेल, पण काम सुरू होण्याआधी.

हप्ते

मजुरी ६०,००० ठरली असं समजा. माणसं-अवजारं दारात आल्यावर ६,०००. तोडफोड, पाइप आणि दाबाची चाचणी झाल्यावर १२,०००. पाणी भरून ठेवण्याची चाचणी पास झाल्यावर १२,०००. भिंती पूर्ण झाल्यावर १५,०००. जमीन आणि ग्राउट झाल्यावर ९,०००. शेवटचे ६,००० बाथरूम महिनाभर वापरल्यानंतर. झाकलं जाणारं प्रत्येक काम एका हप्त्याच्या आधी तपासलं जातं, हा या मांडणीचा गाभा.

मजुरांना शनिवारी-रविवारी खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) लागते आणि ठेकेदार ती तुमच्याकडे मागणार. ती नाकारू नका. पोटाचा प्रश्न असतो, आणि खर्ची मिळाली नाही तर सोमवारी माणसं दुसऱ्या कामावर जातात. मात्र ती वहीत लिहून सही घ्या आणि पुढच्या हप्त्यातून वळती करा. खर्ची आणि हप्ता वेगवेगळे चालले की काम निम्मं आणि पैसे पाऊणपट, अशी अवस्था होते. गावी जायच्या आधी मोठी उचल मागितली तर झालेल्या कामाच्या पुढे जाऊ नका.

तोडफोड

सोसायटीला लेखी कळवा. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, अनामत रक्कम विचारून घ्या. खालच्या घरात जाऊन छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा. आधीची ओल कोणती आणि नंतरची कोणती, हा वाद मग होत नाही.

शंभर चौरस फूट जमीन दोन इंच खोल काढली तर साधारण २५ ते ३० गोण्या राडारोडा निघतो. बाथरूममध्ये बुडवलेल्या स्लॅबवरचा जुना वीटकोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) काढायचा असेल तर याच्या तिप्पट-चौपट. गोणीवर दर ठरला असेल तर गोण्या तुम्ही मोजा. राडारोडा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकला तर दंड होतो. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रीज ऑन कॉल’ सेवा आहे.

कॉलम, बीम आणि स्लॅब यांना छिन्नी लावू द्यायची नाही. पाइपसाठी झिरी विटांच्या भिंतीतच. नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या, पाणी बाहेर नेणाऱ्या भांड्याच्या) आजूबाजूला मोठा ब्रेकर चालवला की त्याचा सांधा हलतो आणि पुढची सगळी गळती तिथूनच होते; तिथे हातोडा-छिन्नीनेच काम करायला लावा. जुना ट्रॅप बिडाचा असेल तर याच वेळी बदला.

टाइलच्या आधीचे दिवस

सगळ्यांची घाई असते ती इथे, आणि वेळ द्यायचा असतो तोही इथेच.

पाइप टाकून झाले की सगळी तोंडं बंद करून टेस्ट पंपाने दाब द्यायचा. काटा तासभर एका जागी राहिला पाहिजे. दाब देण्याआधी सीपीव्हीसीच्या सांध्यांचा सोल्यूशन सुकायला एक दिवस द्या. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे आरसा किंवा गिझर लावताना ड्रिल पाइपात घुसत नाही ते याच फोटोमुळे.

मग झिऱ्या भरणं आणि भिंतीचं प्लास्टर. ओळंबा लावून भिंत बघा. सात फुटांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर प्लास्टरनेच सरळ करा. तो फरक टाइलखाली माल जाड-पातळ करून काढला की जाड भागातला माल आकसतो आणि टाइल सुटते.

वॉटरप्रूफिंगमध्ये केमिकलच्या ब्रँडइतकंच महत्त्व कोपऱ्यांना आहे. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे मालाची गोलाई करायची, ट्रॅप आणि पाइपभोवती न आकसणारा ग्राउट भरायचा, आणि मग पहिला हात. तो सुकल्यावर दुसरा हात आडव्याला उभा. भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला टाइलच्या उंचीपर्यंत. पावसाळ्यात थर सुकायला दुप्पट वेळ लागतो. बोटाला चिकट लागत असताना दुसरा हात मारला तर दोन्ही सुटतात.

दुसरा हात पूर्ण सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करा, दाराला मालाचा बांध घाला आणि तीन-चार इंच पाणी भरा. पातळीवर पेन्सिलीने रेघ मारा, तारीख-वेळ लिहा. ४८ तास. दोन-तीन मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं. त्याहून जास्त उतरलं तर गळती आहे. रोज एकदा खालच्या घरी जाऊन छत बघा. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, एक रात्र बस झाली.’ नाही, स्लॅबमधून ओल खाली दिसायला वेळ लागतो. चाचणीनंतर संरक्षक मालाचा थर घालायचा आणि त्यानंतर जमिनीत एकही खिळा किंवा ड्रिल नको.

ढाळ या थरातच काढायचा, टाइल वरखाली करून नाही. ८० ला १ हे प्रमाण धरा: पाच फूट अंतरावर पाऊण इंच. बाथरूमची जमीन बाहेरच्या फरशीपेक्षा किमान अर्धा इंच खाली हवी. जमिनीला मोठी टाइल लावली तर चारही बाजूंनी जाळीकडे ढाळ देता येत नाही, पाणी साचतं. म्हणून बाथरूममध्ये ३०० बाय ३०० ची खरखरीत टाइलच योग्य.

बसवताना कुठे उभं राहायचं

भिंतीच्या सिरॅमिक टाइलची पाठ पाणी पिते. सिमेंटच्या घोळावर बसवायची असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत ती पाण्यात भिजवायची आणि नितळून लावायची. कोरडी लावली तर ती घोळातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला पकड येत नाही. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणीच पित नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून सिमेंटचा घोळ तिला भिंतीवर नीट धरत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत टाइल सुटून येते. भिंतीवर व्हिट्रिफाइड असेल तर ॲडहेसिव्हला पर्याय नाही. ॲडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नाही आणि नंतर पाणीही मारायचं नाही. पाकिटावर आयएस १५४७७ आणि टाइप बघा: साध्या सिरॅमिकला टाइप १, व्हिट्रिफाइडला टाइप २, जुन्या टाइलवर नवी टाइल लावायची तर टाइप ३.

टाइलवर टाइल स्वस्त पडते, पण जमीन १२ ते १५ मिलिमीटर उचलली जाते. दरवाजे घासावे लागतात, उंबरठा बदलतो. जुनी टाइल पोकळ असेल तर हा विचारच सोडा.

पहिल्या दिवशी सकाळी एक तास तिथे थांबा. तिसरी-चौथी टाइल लावल्यावर मिस्त्रीला ती उचलून दाखवायला सांगा. पाठीवर माल सगळीकडे, चारही कोपऱ्यांपर्यंत लागलेला दिसला पाहिजे. मध्ये पाच गोळे आणि बाकी कोरडं, असं असेल तर तिथेच थांबवा. गोळ्यांवर बसवलेली टाइल लवकर सरळ होते म्हणून मिस्त्रीला सोयीची असते, पण पोकळ कोपऱ्यावर बादली आपटली की तो तुटतो आणि पोकळीत पाणी साचतं. टाइल उचलून बघण्याचा राग चांगल्या मिस्त्रीला येत नाही.

२० किलोच्या पिशवीत तीन मिलिमीटर थराने ४० ते ५० फूट काम होतं. १५० फुटांच्या बाथरूमला दोनच पिशव्या लागल्या तर माल पुरेसा गेलेला नाही. हॉलला सिमेंटचा दीड इंची बेड असेल तर १०० फुटांना १:६ प्रमाणात साधारण दोन गोण्या सिमेंट आणि १४ घनफूट वाळू, वर घोळाला पाऊण ते एक गोणी. वाळू तपासायला काचेच्या ग्लासात अर्धी वाळू, वर पाणी, हलवून तासभर ठेवा. वर मातीचा जाड थर बसला तर परत पाठवा. कोकणात आणि मुंबईत खाडीची रेती आली तर अजिबात घेऊ नका. तिच्यातलं मीठ सांध्यांतून पांढरं होऊन वर येतं.

हॉलमध्ये ‘जॉइंट दिसणार नाही, पेपर जॉइंट देतो’ असं म्हणणाऱ्याला नको म्हणा. तापमानाने फरशी थोडी वाढते, स्लॅब आणि माल कालांतराने आकसतात. टाइलला टाइल आणि भिंतीला टाइल खेटून असेल तर ताण सोडायला जागा राहत नाही आणि एके दिवशी मधल्या टाइल्स मोठ्ठा आवाज करून तंबूसारख्या उचलल्या जातात. दोन मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत ६ ते ८ मिलिमीटरची फट, जी स्कर्टिंगखाली झाकली जाते, एवढ्याने हे टळतं. फटीत माल भरलेला नाही ना, ते स्कर्टिंग लावण्याआधी वाकून बघा.

मांडणी सुरू करताना टाइल्स कोरड्या मांडून बघायला लावा. दारासमोर पूर्ण टाइल, तुकडे पलंग-कपाटाखाली जाणाऱ्या बाजूला. दोन इंचांची चिंधी कुठे येत असेल तर सुरुवातीची रेघ अर्धी टाइल सरकवा. हे दहा मिनिटांचं काम आहे, नंतर त्याला इलाज नाही.

ग्राउटच्या आधी तपासणी, नंतर सफाई

सांधे भरण्याआधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा, पोकळ आवाज येतो तिथे खडूने खूण करा. मध्यभागी हलकासा पोकळ आवाज एखाद-दुसऱ्या टाइलला चालून जाईल. कोपरा पोकळ असेल तर टाइल बदलायची. सांध्यावरून एटीएम कार्ड उभं फिरवा, अडलं तर कड वर आहे. एक मिलिमीटरच्या पुढे फरक नको. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, दहा मिनिटांनी कुठे थारोळं राहिलं ते बघा. या टप्प्यावर टाइल काढणं सोपं असतं, म्हणून मिस्त्रीही फारशी कुरकुर करत नाही.

बाथरूमच्या जमिनीला आणि किचनच्या ओट्यामागे इपॉक्सी ग्राउट घ्या. स्वस्तात व्हाइट सिमेंट भरून देणारे असतात. ते काही महिन्यांत काळं पडतं, सुटतं आणि पाणी आत सोडतं. इपॉक्सी कालवल्यावर पाऊण तासाच्या आत वापरावा लागतो आणि लगेच पुसावा लागतो. पुसायला उशीर झाला की टाइलवर चिवट धुरकट थर राहतो. म्हणून एका वेळी थोडाच कालवायला सांगा.

शेवटी ॲसिड मारून चकाचक करून देण्याची पद्धत आहे. ती कागदावरच बंद करा. ॲसिड सिमेंटचे सांधे खातं आणि त्याच्या वाफेने नळ, बिजागऱ्या, जाळ्या काळ्या पडतात. ग्राउट वेळेवर पुसला असेल तर साबणाचं पाणी पुरतं.

सिमेंटच्या बेडवरच्या फरशीवर दोन दिवस चालू नका आणि आठवडाभर ती ओलसर ठेवा. जड कपाटं त्यानंतर.

बिनसलं तर

ठेकेदार अर्ध्यावर गायब झाला तर लगेच दुसरा माणूस लावू नका. आधी झालेल्या कामाची मापं आणि फोटो घ्या, आणि सात दिवसांत काम सुरू करा नाहीतर उरलेलं काम तुमच्या खर्चाने करून घेऊ, असा लेखी संदेश पाठवा. नव्या माणसाकडून उरलेल्या कामाचा लेखी अंदाज घ्या; नुकसान किती ते त्यावरूनच दाखवता येतं. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. तिथे सही केलेला कागद, खर्चीची वही, चाचणीचे फोटो आणि ऑनलाइन दिलेले पैसे यांवरच सगळं ठरतं. म्हणून मोठा हप्ता रोखीने देऊ नका.

महिन्यानंतर शेवटचा हप्ता देण्याआधी खालच्या घरचं छत, ट्रॅपभोवतीचे सांधे आणि शॉवरखालचा कोपरा एकदा बघा. उरलेल्या टाइल्स उभ्या रचून ठेवा, त्यांच्यासोबत बॉक्सचं बॅच नंबर असलेलं लेबल आणि ग्राउटच्या रंगाचा क्रमांक. माळ्यावर आडव्या, एकावर एक रचू नका, खालच्या तडकतात.